काशीला सोडलेली कोळंबी

शेजारी कोळंबी शिजायला लागली की मी खिडकी लावून घेते, आणि खिडकी लावताना हटकून सासूबाई आठवतात. मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या हिवाळ्यात मी लग्न होऊन घाटावरून नागावला आले. नारळीच्या वाडीतलं ते घर कोळंबीवर जीव टाकणारं, सासूबाई तर सगळ्यांत जास्त. माझी मात्र पहिल्याच घासाला जीभ खाजायची, आणि अंथरुणावर पाठ टेकली की छाती घरघरायला लागायची. नव्या नवरीनं ताटातलं टाकायचं कसं, म्हणून मी गुपचूप खायची. घरातले म्हणत, हिला खारी हवा मानवत नाही. सासूबाईंनी सोमवार हेरले. "सोमवारी आपल्यात मासली न्हाय, नि सोमवारीच तू नीट झोपतेस," एवढंच म्हणाल्या. थोड्याच दिवसांत किहीमहून त्यांची नणंद, म्हणजे माझ्या आतेसासूबाई, नव्या सुनेसाठी टोपलीभर कोळंबी घेऊन आल्या. वास आला तशी मी धास्तावले. सासूबाई भाताचं मडकं उतरवत म्हणाल्या, "ती परत ने बाय. मी कोळंबी काशीला सोडलीय, या घरात आता शिजायची न्हाय." काशीला जाऊन आवडीची एक वस्तू सोडतात, हे आतेसासूबाईंना ठाऊक होतं, आणि आपली वहिनी अलिबागेपलीकडे कधी गेलेली नाही, हेही. "वयनी, तू काशीला गेलीस कवा?" त्यांनी विचारलं. "सून आली तवा," सासूबाई म्हणाल्या आणि भात वाढायला लागल्या. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी कोळंबीला हात लावला नाही, आणि ती माझ्यापायी सुटली असं आजवर मला कुणी बोललेलं नाही.