जिथं आपलं कुणी नाही असं गाव

आमच्या गल्लीत बु वुर्यानीइतकी गावं एकटीनं पाहिलेली बाई दुसरी नाही. हे मी कुणालाही छाती पुढं काढून सांगते. बु म्हणजे बाई; गल्लीत सगळे तिला बु वुरच म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे. भात, उकडलेल्या भाज्या आणि वर शेंगदाण्याची चटणी, एवढंच विकते. मालांगमधली निम्मी माणसं सकाळी माझ्या बाकावर बसतात आणि प्रत्येकाला मी बु वुरची गोष्ट एकदा तरी ऐकवलेली आहे. ज्याला कंटाळा येत असेल त्यानं दुसरीकडे खावं.

तशी पूर्वीही ती भरपूर हिंडलेली. नवऱ्याचं कुळ अख्ख्या जावाभर पांगलेलं. कुणाचं लग्न, कुणाचं सातव्या महिन्याचं जेवण, कुणाचं दिवसकार्य. आमच्याकडे कुणाच्या घरी कार्य निघालं की बायकांनी आदल्या दिवशीच जाऊन कांदे सोलायचे, नारळ खवायचे, भात शिजवायचा. त्याला रेवांग म्हणतात आणि त्यातून फक्त मेलेली बाई सुटते. बु वुर जायची, मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरायची आणि मागच्या दारानंच गाडीत बसून परत यायची.

एकदा मला म्हणाली, "बु जुम, मी सगळा जावा पाहिलाय गं. पण चुलीच्या बाजूनं."

मी हसले. ती हसली नाही.

तिचा नवरा, पाक तार्यो, गेला. मुलगा विबोवो नोकरीला सुराबायात. नवऱ्याचं शेवटचं दिवसकार्य उरकलं आणि पुढच्याच आठवड्यात ही माझ्या बाकावर येऊन बसली. "मला दोन दिवस कुठंतरी जायचंय. एकटीला. कुठं जाऊ सांग."

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? गाडीत बसा आणि जा. अहो, कसलं जा! आपलं माणूस ज्या गावात आहे त्या गावात जाऊन दुसरीकडे उतरणं म्हणजे आमच्यात त्या माणसाच्या थोबाडीत मारणं. आणि माणसाकडे उतरलं की संपलं, पुन्हा कांदे आणि नारळ. म्हणजे गाव असं हवं की जिथं आपलं कुणीच नाही. जावामध्ये असं गाव शोधून दाखवा बघू!

"ब्लितार?" मी म्हणाले.

"चुलत जाऊ."

"क्दिरी?"

"विबोवोची मावससासू. ती तर स्टेशनासमोरच राहते."

"मग जेम्बेर. जेम्बेरला कोण असणार?"

तेवढ्यात बाकाच्या टोकाला बसलेला एक सायकलरिक्षावाला तोंडातला घास तसाच ठेवून ओरडला, "जेम्बेरला माझा भाचा आहे की! फोन लावू? स्टेशनवर घ्यायला येईल. जेवायला पण तिकडंच सांगतो."

"लावू नको बाबा, पाया पडते तुझ्या," बु वुर म्हणाली. "तुझा भाचा माझा कोण?"

"असं कसं बोलता, बु! गल्लीतला तो आपला."

झालं. जेम्बेरवरही फुली.

शेवटी बोंडोवोसो निघालं. तिथं कुणाचं कुणी नव्हतं, रिक्षावाल्याचंसुद्धा नाही. ती गेली, दोन दिवस राहिली आणि परत आली तेव्हा चालण्यात फरक पडलेला. मी बारकाईनं बघते अशा गोष्टी. हात रिकामे ठेवून चालायला शिकलेल्या बाईसारखी चालत होती. हात रिकामे नव्हते म्हणा, आंबवलेल्या कंदाच्या टोपल्या होत्या दोन्ही हातांत. गावाहून परत येताना गल्लीसाठी काही न आणणं तिला कुठलं जमायला!

त्यानंतर तिला नादच लागला. पण निवड करावी तर तिनं. नुसतं नातेवाईक नाही एवढ्यावर भागायचं नाही. गाव दोन दिवसांत पायी संपेल एवढंच हवं. बाजार सकाळी भरणारा हवा. आणि एक खानावळ अशी हवी की जिथं एकटी बाई एका वाडग्यावर तासभर बसली तरी "बरोबर कोण आहे?" असं कुणी विचारणार नाही. हे तिकडं न जाताच कसं कळतं, विचाराल तर ती सांगायची, "जिथं बस ड्रायव्हर जेवतात तिथं कुणी विचारत नाही. सगळे एकटेच असतात."

तिच्या घराण्यात कुणाचं लग्न ठरलं की आम्ही सगळ्या गोड तोंड करायचो आणि ही हळूच मला कोपरानं ढोसायची. "मुलगी कुठली म्हणाले? तुबानची? गेलं बाई माझं तुबान."

आणि मग एक दिवस म्हणाली, "मी कुदुसला जाणार."

माझ्या हातातली पळी खाली पडली. कुदुसला तिची थोरली नणंद राहते. कस्मी. बु वुर तिला म्बाक म्हणते, म्हणजे ताई, पण खरं तर म्हणायला हवं फौजदार. घराण्यात तिच्यापेक्षा वडील आता कुणी उरलेलं नाही. ती उभी राहिली की बसलेले उभे राहतात.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणाले. "सगळा जावा पडलाय आणि तुला नेमकं तिच्याच अंगणात नाचायचंय?"

"तिच्या चारही मुलांच्या लग्नांना गेले मी. तिथल्या जुन्या मशिदीचा तो लाल विटांचा मनोरा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दर वेळी वाटायचं, उद्या बघू. आणि उद्या भांडी असायची." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाकीची गावं मी तिथं कुणी नाही म्हणून निवडली, बु जुम. हे एक मला हवंय म्हणून निवडलंय."

मीही जा म्हणाले.

ती सेमारांगपर्यंत गाडीनं गेली, तिथून बस. गावाच्या दुसऱ्या टोकाला लॉजवर उतरली. तोंडाला मास्क, डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, अशी चोरासारखी हिंडली. मनोरा बघितला. आणि सुखरूप परत आली. माझा जीव भांड्यात पडला.

पण मग बघते तर काय, ही बया घरोघरी जेनांग वाटतेय! ती चिकट, काळसर, गोड वडी कुदुसचीच असते हे शेंबडं पोरही सांगेल, आणि प्रत्येक डब्यावर गावाचं नाव.

"अगं, चोरी करून आलीस ती आलीस, वर चोरीचा माल वाटत सुटलीस?" मी तिला दारामागं ओढून म्हणाले.

"मग काय रिकाम्या हातानं गल्लीत शिरू?" तिनं मलाच झापलं.

रमजान ईद झाली आणि घराण्याचा मेळा यंदा बु वुरच्याच घरी आला. आमच्याकडे ईदनंतर सगळं कुळ एका घरी जमतं, धाकटे थोरल्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकून माफी मागतात. म्बाक कस्मी गाडीतून उतरली आणि चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. कमरेला फडकं बांधलं, पातेल्यावरचं झाकण उचललं, "मीठ कमी आहे," म्हणाली. आम्ही सगळ्या कामाला लागलो.

तेवढ्यात आमची शेजारीण बु लिलिक बशा घेऊन आत आली. बाई वाईट नाही, फक्त तोंडाला दार नाही. "बु कस्मी, तुम्ही पाठवलेलं जेनांग काय सुंदर होतं हो! माझ्या नवऱ्यानं अख्खा डबा संपवला."

"मी कधी पाठवलं?"

"अय्या! बु वुर नाही का तुमच्याकडे येऊन गेली मागं?"

म्बाक कस्मीनं पळी पातेल्यात सोडली. "वुर. कुदुसला आली होतीस?"

"आले होते, म्बाक."

"कुठं उतरलीस?"

"लॉजवर."

बाहेर पुरुष गप्पा मारत बसले होते. म्बाक कस्मी बाहेर गेली, मधल्या खुर्चीत बसली आणि तिनं बु वुरला सगळ्यांपुढं बोलावलं.

"माझ्या गावात येऊन लॉजवर? लोकांनी काय समजायचं? कस्मीनं भावाच्या विधवेला दार लावलं? आज इथं सगळ्यांसमोर शब्द दे. यापुढं एकटी कुठंही जाणार नाहीस. जायचं असेल तिकडं विबोवो घेऊन जाईल."

त्या दिवशी, त्या बैठकीत, थोरल्यांना दिलेला शब्द मोडता येत नाही. तो दिला असता तर तिचं हिंडणं त्याच दुपारी संपलं असतं. विबोवो तिच्या कानाशी पुटपुटला, "आई, म्हणून टाक ना. विषय संपेल." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोरा, कुणाचा विषय संपेल?

बु वुर गुडघ्यांवर बसली आणि तिनं नणंदेच्या गुडघ्याला कपाळ टेकलं. मी डोळे मिटले. म्हटलं, गेली बाई.

"म्बाक, तुमच्या गावात येऊन चहाला आले नाही, तोंड लपवून हिंडले, त्याची माफी मागते," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "गेले त्याची नाही मागत. आणि मी पुन्हा जाणार."

म्बाक कस्मीनं गुडघा मागं घेतला.

"तुमच्या घरातली डावीकडची चूल धूर करते. खवणीचा एक पाय लंगडा आहे, खाली चिंधी ठेवावी लागते. हे मी झोपेत सांगेन, म्बाक. पण मनोऱ्याच्या विटांमध्ये निळ्या बशा बसवल्यात, हे मला यंदा कळलं. मी उन्हात उभी राहून त्या बघत होते आणि कुणी हाक मारत नव्हतं. वुर, मीठ बघ. वुर, भात उतरव. कुणी नाही. मला रडू आलं. दुःखाचं नव्हे."

"म्हणजे आम्ही तुला राबवायला बोलवत होतो?"

"नाही हो. तुम्हीपण माझ्या शेजारीच बसून कांदे सोलत होता." बु वुरनं मान वर केली. "तुम्ही इतकी वर्षं मालांगला येताय, म्बाक. मालांगमध्ये काय बघितलंत?"

म्बाक कस्मीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग कमरेचं फडकं सोडून खुर्चीवर टाकलं आणि आपली पर्स उचलली.

"चौक कुठल्या बाजूला आहे?"

विबोवो ताडकन उठला. "थांबा, मी गाडी काढतो."

"बस खाली."

बु वुर उठायला लागली, तर तिलाही म्हणाली, "तूपण बस." चप्पल घातली आणि गेली. मी दारातून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि डावीकडे वळली. चौक उजवीकडे आहे. मी हाक मारली नाही.

त्या दिवशी पुरुषांनी आपल्या हातानं वाढून घेतलं. बु वुर बाहेरच्या खोलीत बसून गरम गरम जेवली. भात खालून थोडा करपला, कुणी चकार शब्द काढला नाही. शब्द द्यायचा राहिला तो राहिलाच, त्याचंही कुणी नाव काढलं नाही. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की मी बु लिलिकलासुद्धा माफ करून टाकलं.

ऊन कलल्यावर म्बाक कस्मी परत आली. चेहरा लाल, पाय धुळीनं माखलेले, दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्यांमध्ये तेम्पेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तळलेले काप. आमच्या मालांगचे! दोन गल्ल्या पलीकडे तळतात, रोज खातो आम्ही. तिनं एकेकाला बोलावून पुडा हातात दिला, मलासुद्धा. कुणाची हसायची छाती झाली नाही.

शेवटचा पुडा तिनं बु वुरपुढं धरला. "घे. मालांगहून आणलंय."

बु वुरनं तो दोन्ही हातांनी घेतला. "कसं आहे मालांग, म्बाक?"

म्बाक कस्मी खुर्चीत टेकली आणि पाय लांब केले. "चांगलं गाव आहे," ती म्हणाली. "तिथं आपलं कुणी नाही."