डाव्या दारातलं नाव

जहाजावरची नोकरी सोडून मी सिंगापुरात किनाऱ्यावरच्या नोकरीला लागलो, ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. कंपनीची जहाजं बंदरात आली की त्यांची इंजिनं तपासायची, दुरुस्ती करून घ्यायची, हे काम. बिशान भागात फ्लॅट, बायको, शाळकरी मुलगी. सगळं छान होतं. फक्त पंधरा वर्षं इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला शनिवारी सोफ्यावर बसवत नाही.

एका शनिवारी ईस्ट कोस्टला समुद्रकाठी सायकली भाड्यानं घेऊन फिरत होतो. पार्किंगमध्ये सत्तरीचे एक चिनी गृहस्थ गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. हिरवी, दोघांपुरती, बिनछपराची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. माझ्यानं राहवेना. कार्ब्युरेटर अडकला होता; स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दोन टिचक्या मारल्या आणि गाडी सुरू झाली. "इंची पाने आहेत तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या जहाजांवर वापरलेला अख्खा संच माझ्याकडे होता. झालं, तेव्हापासून माझे शनिवार ह्या अंकलच्या पोर्चमध्ये जाऊ लागले.

"अहो, स्वयंपाकघरातला नळ पंधरा दिवस गळतोय," बायको म्हणाली. "तोही ब्रिटिश आहे असं सांगू का?"

त्या गाडीच्या कारखान्याचा इतिहास मला अंकलकडूनच तुकड्यातुकड्यांनी कळला. दोन भावांनी एका बेकरीमागच्या शेडमध्ये तो सुरू केला. इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसरीचा; स्वतःची फक्त बॉडी, म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हातानं ठोकून बसवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा. शर्यती जिंकल्या, नाव झालं, मागणी वाढली. पण भावांचं लक्ष शर्यतीत, धंद्यात नाही. शेवटी एका मोठ्या कंपनीनं कारखाना विकत घेतला, थोडी वर्षं चालवला आणि कुलूप लावलं. हजेरीबुकांसकट सगळे कागद मागच्या अंगणात जाळले.

अंकल तरुणपणी इंग्लंडला शिकायला गेले होते. घरून पैसे येणं थांबलं तेव्हा त्यांनी त्या कारखान्याच्या लाकूडकामात दोन हिवाळे काढले. तिथली रीत अशी की ज्यानं सांगाडा बनवला त्यानं आतलं पॅनल बसवण्याआधी डाव्या दारात आपलं नाव घालायचं. मालकांना ठाऊक होतं, ते काणाडोळा करत. पुढे कितीतरी वर्षांनी, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याची गाडी सिंगापुरात विकायला निघाली. अंकलनी कुलूप बघायला म्हणून डाव्या दाराचं पॅनल काढलं तर आत त्यांचंच नाव. त्यांनी तिथल्या तिथे गाडी घेतली.

घरात मात्र हे कुणाला खरं वाटत नसे. "पपांनी तिथं भांडी घासली असतील, लाकूडकाम कसलं, लाह!" असं त्यांचा मुलगा माझ्यासमोर सिंगापुरी हेल काढून हसत म्हणाला होता. अंकलही हसले, पण मला ते हसू आवडलं नाही.

त्या वर्षी इंग्लंडमधल्या काही हौशी लोकांचं पत्र आलं. ते कारखान्याचा इतिहास लिहीत होते आणि त्यात कामगारांची यादी द्यायची होती. कागद उरले नव्हते, म्हणून ज्याच्या दारातल्या नावाचा फोटो मिळेल त्याचंच नाव छापणार. अंकलनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. मग ते तीन आठवडे मुलीकडे पर्थला निघाले. बोटं आखडल्यामुळे स्क्रू त्यांना फिरवता येत नसत. "तेवढं डावं पॅनल उघडून ठेव," मला म्हणाले. "आलो की फोटो काढू."

मी पॅनल उघडलं. आत काळं, चिकट लाकूड आणि गंजलेल्या लोखंडी पट्ट्या. नाव कुठे दिसेना. आता, माझ्या आयुष्यात नाव म्हणजे धातूवर पंचानं ठोकलेलं. जहाजावर पंपापासून नांगरापर्यंत सगळ्यांची ओळख तशीच असते. ते गंजाखाली असणार असं धरून मी पट्ट्या खरवडल्या. तिथे नाही, म्हणून लाकूड पॉलिशपेपरनं घासलं, कुठे पितळी चकती असेल म्हणून. तीही नाही. मग अंगवळणी पडलेली सवय: लोखंड उघडं पडलं की गंजू नये म्हणून लाल प्रायमर मारायचा. लोखंडाला मारला, उरला तो लाकडालाही मारला. काम इतकं देखणं झालं की मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

अंकल आले, वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"पेन्सिलीनं होतं," ते म्हणाले. "सुतार पेन्सिलीनंच लिहितात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली, टर्पेंटाइन लावून पाहू म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग मी मूर्खासारखं आणखी एक बोललो: "अंकल, तुम्ही पुन्हा लिहा ना. हात तोच, दार तेच. कुणाला कळणार?"

ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "मला कळेल," म्हणाले. इंग्लंडला त्यांनी एका ओळीचं पत्र पाठवलं: माझ्या गाडीत नाव सापडलं नाही. कसं गेलं ते लिहिलं नाही. घरीही सांगितलं नाही, त्यामुळे मुलाचं हसणं चालूच राहिलं. मी त्याला खरं काय ते सांगायला निघालो तर मला त्यांनी थांबवलं.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. अंकलनी यादीवरून बोट फिरवत मला एकेक माणूस सांगितला. ह्यानं मला रंधा धरायला शिकवलं, हा डब्यातलं अर्धं द्यायचा, हा रोज गायचा आणि बेसूर गायचा. यादी संपली तरी बोट शेवटच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर थोडा वेळ तसंच राहिलं. मला तिथे बसवेना.

"अंकल, कधीतरी मीच लिहीन हे," मी म्हटलं. "तुमचं नाव घालून."

"तू पाहिलं होतंस ते नाव?"

"नाही."

"मग लिहू नकोस."

अंकल आता नाहीत. ते नाव शेवटचं माझ्याच डोळ्यांसमोर होतं आणि मला ते दिसलं नाही. म्हणून इथेही लिहिलेलं नाही.