भाजी निवडता निवडता

बाई विद्यार्थ्यावर कधी फोनवर रागावल्या नाहीत. तो फोन उचलेनासा झाला, की त्या सरळ त्याच्या घरी जात.

माझ्याकडे त्या नाशिकहून एस.टी.ने येवल्याला आल्या. पैठणी विणणाऱ्या घरांतल्या बायकांच्या ओव्यांवर मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होतो. तिसऱ्या प्रकरणाच्या साऱ्या तारखा उलटल्या होत्या. विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ चालू होती. ती संपली की नोंदणी रद्द. बाई दारात दिसताच वडिलांनी माग थांबवला.

"चालू द्या तुमचं," बाई म्हणाल्या. "घरात एकाचं काम थांबलंय, तेवढं पुरे."

आई म्हणाली, "बाई, हा लय घुम्या हाय. विचारलं तरी सांगत नाय."

"असू द्या. बोलघेवडे मला पुष्कळ मिळतात."

जेवण होईपर्यंत प्रबंधाचा विषय निघाला नाही. हात धुताना मीच पुटपुटलो, "बाई, लिहायला बसलं की सगळं खोटं वाटतं."

"मग लिहू नकोस. शनिवारी घरी ये आणि नुसतं सांग."

तेव्हापासून दर शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी बोलायचो आणि बाई मेथी निवडायच्या. मध्ये बोलत नसत. एखादं वाक्य पटलं की हातातली जुडी खाली ठेवत. तेवढं मी लिहून घ्यायचो. एकदा बराच वेळ जुडी हातातच राहिली, तेव्हा म्हणाल्या, "आज भाजी लवकर होणार दिसतेय." असं तिसरं प्रकरण झालं, मग चौथंही.

पुढे भाजी त्यांची बहीण निवडू लागली. बाई डोक्याला रुमाल बांधून, डोळे मिटून खुर्चीत ऐकत बसायच्या. आजाराचं विचारलं तर म्हणत, "ते डॉक्टर बघतील. तू तुझं बोल." एकदाच म्हणाल्या, "समारोप लवकर दे रे. सही मला करायचीय."

मी 'पुढच्या शनिवारी' म्हणत राहिलो. समारोप दिला की हे शनिवार संपणार होते. मुदत अजून बाकी आहे, असं मी मनाला सांगत होतो. विद्यापीठाची होती.

बाई गेल्यावर समारोप भराभर लिहून झाला. प्रबंध वेळेत तयार झाला. मार्गदर्शक म्हणून त्यावर दुसऱ्या सरांचं नाव आणि सही आहे. ते भले गृहस्थ. बांधणीला देण्याआधी म्हणाले, "ऋणनिर्देश राहिलाय. बाईंबद्दल हवं तेवढं लिहा."

मी थोडे दिवस मागून घेतले. प्रबंध त्या पानाशिवायच बांधला गेला.