चिठ्ठीतलं भारी तेल

आमच्या मळ्यातलं इंजिन सकाळी सहाच्या सुमाराला सुरू व्हायचं आणि त्याच्या आवाजावर मी चहाचं आधण ठेवायची. महिन्यापूर्वी एका सकाळी आधण उकळून निम्मं झालं तरी इंजिनाचा आवाज आला नाही. सुनेला म्हटलं, "रंगनाथभावजींकडं बघून ये जरा." ती गेली तशी परत आली आणि उंबऱ्यातच बसली. बातमी अशी आली. कुणाला सांगावी लागली नाही...

रंगनाथभावजी माझे धाकटे दीर. गावाचे रंगातात्या. बारामतीजवळ आमच्या मळ्यात विहिरीच्या कडेला इंजिनाची पत्र्याची खोली आहे, तिथंच त्यांनी हयात काढली. आताच्या पोरांना वाटायचं, हा म्हातारा इंजिनाबरोबरच बसवलेला असणार. पण एके काळी त्यांची स्वतःची मोटार होती, बारामती ते इंदापूर उतारू घेऊन धावणारी सर्व्हिस मोटार. ती मोटार माझ्यामुळं मेली. हे मी त्यांना सांगणार होते. आज सांगीन, सणाला सांगीन, असं करत चाळीस वर्षं गेली, आणि आता ते नाहीत तेव्हा पेपराच्या पुरवणीच्या वाचकांना सांगायला बसले आहे. माझी हिंमत ही अशी आहे.

एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची गोष्ट. मी शेळगावची, लग्न होऊन नुकती बारामतीला आलेली. मराठी चौथी पास होते आणि चाल अशी होती, की जशी काही बॅरिस्टरच होऊन आले आहे. सासरी दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हतं. त्यामुळं पत्रं, दुकानाच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्याकडं. पोत्यावर छापलेलं नावसुद्धा मी मोठ्यानं वाचायची, ऐकायला फक्त म्हैस असली तरी. आज ती मुलगी समोर आली तर मी तिच्या हातातली लेखणी काढून घेऊन लाटणं देईन.

भावजींनी आपल्या वाटणीची पाटाच्या पाण्याखालची जमीन थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना दिली आणि त्या बदल्यात पुण्याहून जुनी मोटार आणली. लाकडी बाकं, रबरी भोंगा, पुढं हँडल मारून चालू करायची. भावजींना लोणी भापकरची एक सोयरीकही त्या मोटारीकडं बघूनच चालून आली होती. तेलाच्या डब्यावरची इंग्रजी अक्षरं भावजींना कळत नव्हती. ते डब्यात बोट बुडवायचे, तेल अंगठ्याला लावायचे आणि दोन्ही बोटं हळूहळू लांब करायचे. मध्ये तार यायची. आपण पाक बघतो, अगदी तसं. उन्हाळ्यात तार लांब यायला हवी, थंडीत आखूड, इंजिन झिजलेलं असलं तर आणखी वेगळी... त्यांची सगळी विद्या त्या दोन बोटांत होती आणि मला ती विद्या वाटत नव्हती.

"भावजी, लाडू वळायचेत का?" मी विचारायची.

"तुमच्या लाडवांपरास माजी मोटार मऊ हाय, वैनी," ते म्हणायचे.

त्या वर्षी पौषात मोटारीच्या इंजिनात नव्या बेअरिंगा बसवल्या. मिस्त्रीनं बजावलं होतं, की बेअरिंगा नव्या आहेत, घट्ट आहेत, वर थंडीचे दिवस. जाड तेल आतपर्यंत पोचायचं नाही, तेव्हा पहिले काही दिवस हलकं तेल. मिस्त्री लोक पातळ तेलाला हलकं म्हणायचे आणि जाडाला भारी. मळ्यातली वांग्यांची गाडी पेठेत निघाली होती. भावजी लगबगीनं माझ्याकडं आले.

"वैनी, चिठ्ठी लिव्हा. हलकं तेल, एक डबा."

आता आमच्या माहेरी आणि सासरी हलकं म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. हलकं लुगडं, हलकी ज्वारी, म्हणजे नाइलाजानं घ्यायची वस्तू. खाली आपल्या घराचं नाव आणि वर हलकं? दुकानदार काय म्हणेल? मला वाटलं, भावजी काटकसर करताहेत आणि अडाण्याला कागदावर काय शोभतं ते कळत नाही. मी लिहिलं, 'उत्तम भारी तेल, एक डबा.' उत्तम हा शब्द माझ्या पदरचा. भारीची दुसरी वेलांटी तर अशी ओढली, की ती कागदाच्या कडेला जाऊन टेकली.

डबा आला. चिठ्ठी डब्याला सुतळीनं बांधून परत आली होती, ती मी सोडवून कनवटीला खोचली. दुसऱ्या दिवशी संक्रांतीसाठी मला शेळगावला जायचं होतं, आणि शेळगाव इंदापूरच्या रस्त्यावरच, म्हणून मी मोटारीनंच निघाले होते. पहाटे भावजींनी डबा फोडला, बोट बुडवलं, तार ओढली. पुन्हा ओढली.

"वैनी, तार लई लांब येतीया. जाड वाटतंय."

"थंडी हाय, भावजी. घरात तूपसुदिक थिजलंय. चिठ्ठी मी स्वतः लिहिलीय."

"मग झालं," ते म्हणाले, आणि सगळं तेल इंजिनात ओतलं.

मग झालं. स्वतःच्या बोटांवरचा विश्वास त्यांनी त्या दोन शब्दांत मोडला, माझ्या अक्षरासाठी. चिठ्ठी मी लिहिली हे मी सांगितलं, चिठ्ठीत काय लिहिलं ते सांगितलं नाही. उलट मनात खुदखुदत होते, की मागितलं हलकं आणि मिळालं भारी, भावजींना पत्तासुद्धा नाही.

हँडल फिरवायला तिघं लागले. मोटार निघाली. मी मागच्या बाकावर तिळगुळाचा डबा मांडीवर धरून राणीसारखी बसले होते. लासुर्ण्याच्या पुढं इंजिनातून ठोके यायला लागले. कुणी तरी आतून दार वाजवावं तसे. भावजींनी वेग कमी केला, कान लावला, थांबवायला म्हणून मोटार कडेला घ्यायला लागले, तोच मोठा आवाज झाला आणि खाली रस्ताभर तेल सांडलं. बेअरिंग वितळली होती आणि आतला दांडा तुटून इंजिनाच्या कुशीतून बाहेर आला होता. शेळगाव हाकेवर होतं. माझ्या वडिलांनी बैल आणले. बैलांनी ओढलेल्या मोटारीत बसून मी माहेरी पोचले. सगळं गाव बघायला जमलं आणि वडील म्हणाले, "आमच्या बैलांस्नी तेल लागत न्हाय, पावनं." लोक हसले. भावजीही हसले. तेवढंच त्यांचं हसू त्या दिवसातलं.

बारामतीहून मिस्त्री आला. त्यानं सांडलेलं तेल बोटावर घेतलं आणि भावजींकडं बघितलं.

"हलकं सांगितलं हुतं तुला. ह्ये कुणी घातलं?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होते. भारी म्हणजे जाड, हे मला त्या क्षणी कळलं. तोंड उघडलं असतं तर... पण सासरची माणसं, माहेरची माणसं, आणि मी चौथी पास.

"मी घातलं," भावजी म्हणाले. "इसरलो."

ते विसरले नव्हते. मी ते जाणत होते आणि तेही जाणत होते. ते माझ्याकडं बघतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी बघितलं नाही. त्या संध्याकाळी मी आईच्या चुलीत ती चिठ्ठी घातली. उत्तम जळली.

इंजिन दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. मोटार शेळगावातच बाभळीखाली उभी राहिली. आधी तिचे पत्रे गेले, मग बाकं, शेवटी भोंगा. लोणी भापकरच्या मंडळींनी निरोप पाठवला, की मुलीची पत्रिका जुळत नाही. पुन्हा कुणी आलं नाही. पुढं पाटाचं पाणी पुरेनासं झालं तेव्हा आमच्या ह्यांनी विहिरीवर इंजिन बसवलं आणि ते चालवायला भावजी राहिले. जी जमीन देऊन मोटार घेतली, त्याच जमिनीला पाणी द्यायला. मी रोज त्यांचं ताट घेऊन जायची. ताटात कधी तूप कमी पडू दिलं नाही. तुपानं काय होणार होतं?

एके दिवशी म्हणाले, "वैनी, मला अक्षरं शिकवा." मला हायसं वाटलं. वाटलं, ऋण फिटतंय. महिन्याभरात त्यांना अक्षरं जुळवता यायला लागली. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं नाही. कोळशाचा तुकडा घेतला आणि तेलाच्या डब्यांवर लिहिलं, एकावर 'पातळ', दुसऱ्यावर 'जाड'.

"मिस्त्री हलकं-भारी म्हणतो की," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

"त्या शब्दांत घोटाळा हाय," भावजी म्हणाले, आणि कोळसा ठेवून दिला.

मी ताट उचलून घरी आले. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

शेवटची भेट ते जाण्याच्या आठवडाभर आधीची. अंगात ताप होता, म्हणून कढी नेली होती. दोन घोट घेतले. मी विचारलं, "कशी झालीय?"

"जाड."

"भारी झालीय म्हणा की, भावजी. आजकाल पोरं म्हणत्यात तसं."

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग माझ्याकडं बघून हसले, म्हातारपणी उरलेल्या तीन-चार दातांनी. "जाडच म्हणावं, वैनी. भारी म्हणलं की मोटार बंद पडती."

त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून होतं की मागून कधी उमगलं, ते आता कोण सांगणार? त्यांनी दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. जिभेवर आलं होतं. आणि मी, एवढी वाचाळ बाई, काय विचारलं? "मीठ बरोबर आहे ना?"

"व्हय," म्हणाले. "बरोबर हाय."

परवा मुलानं इंजिन सुरू करायचं ठरवलं. पिकं सुकायला लागली आहेत, थांबून चालणार नाही. खोलीत एकच तेलाचा डबा उरला होता आणि त्याच्यावरचा कोळसा तेलाच्या हातांनी पुसून गेला होता. "आई, हे पातळ आहे की जाड?" त्यानं विचारलं. मी चष्मा लावला. एकही अक्षर लागेना. मग डब्यात बोट बुडवलं, अंगठ्याला टेकवलं आणि हळूहळू लांब केलं. तार आली. पण किती लांब आली म्हणजे जाड, आणि कुठं तुटली म्हणजे पातळ, हे मी भावजींना कधी विचारलंच नव्हतं.