सागवानी पेटीतलं घड्याळ

माझ्या बहिणीच्या लग्नात गायी वेळेआधी घरी आल्या, असं मी भर मांडवात ठामपणे सांगितलं होतं. घड्याळ मी बांधलेलं, त्यामुळे चूक गायींचीच असणार हे उघड होतं.

त्या काळी, पन्नासच्या दशकात, मी आलापल्लीला जंगल खात्यात नकाशे काढत असे. गावात वीज नव्हती. म्हणूनच बहुधा मला विजेचं घड्याळ बांधायची बुद्धी झाली! नागपूरच्या जुन्या बाजारातून लष्करी वायरलेसचं भंगार आणलं आणि पुस्तकात बघून सर्किट आखलं. रेडिओच्या बॅटरीवर एक व्हॉल्व्ह दर सेकंदाला ठोका देणार, त्यानं आतला रिले, म्हणजे विजेवर हलणारा छोटा खटका, खटकन वाजणार, काट्यांचं चाक एक दात पुढे सरकणार आणि एक नारिंगी दिवा मिचकणार. पुस्तकात बजावलं होतं की हे सगळं पत्र्याच्या पेटीत बसवा, नाहीतर जवळच्या माणसाच्या अंगाचाही सर्किटवर परिणाम होतो. पण सागाच्या आलापल्लीत राहून पत्रा? मी अस्सल सागाची, वर देव्हाऱ्यासारखी कमान असलेली, पॉलिश केलेली पेटी करवून घेतली. (पहिली शेजारीण आली ती पेटीला नमस्कार करून गेली.) मग पेटीला जवळजवळ छाती टेकून, पेचकस फिरवत मी ठोका जुळवला.

बॅटरी महाग, म्हणून मी घरी असलो की मगच काटे जुळवून ते चालू करायचो. एकदा सुमन, माझी बायको, दारातूनच म्हणाली, "तुमी आंगणात गेले का ते थांबते. तुमी येऊन बसले का मंग चालू होते. मले त्या खोलीत जाले भेव वाटून राह्यलं."

मी तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. घड्याळ रोज थोडं मागे पडायचं खरं, पण मी काटा बोटानं पुढे ढकलून ऑफिसच्या घड्याळाला दोष देत असे.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचं, इंदूचं लग्न ठरलं. वडील नव्हते, सगळं माझ्यावर. मुलगा चामोर्शीचा, तिला मनापासून आवडलेला. त्याचे वडील मात्र फेट्याचा शेमला किती रुळावा याचीही चिंता करणारे. मुहूर्त गोरज. वेळ मोजायला भटजींनी भोकाची तांब्याची वाटी आणली होती, पाण्यावर सोडायची आणि बुडाली की एक घटका झाली म्हणायची. ती मी हसून बाजूला ठेवली. माझ्या जागेशेजारी चौरंगावर पेटी बसवली आणि जाहीर केलं की अक्षता पडतील त्या या घड्याळावर!

वऱ्हाड आलं म्हणून मी शिवेवर गेलो. मानपान, नारळ, शेमल्याचं कौतुक यात बराच वेळ गेला. परतून जागेवर बसलो आणि पेटीतून खट, खट सुरू झालं. मांडवामागचे साग काळे पडत चालले होते. कुठेतरी रातवा पक्षी ओरडत होता. धूळ उडाली आणि गायी आल्या. घड्याळात अजून अर्धा तास बाकी होता. तेव्हाच मी गायींबद्दलचं ते मत दिलं.

भटजी हळूच म्हणाले, "तुमी शिवेवर गेले आन् हे थांबलं. आता तुमी बसले आन् सुरू झालं."

वाजंत्री थांबली. मुलाचे वडील उठले. "भाऊ, जरा दूर जा बरं."

मी गेलो. खटखट बंद. नारिंगी दिवा विझला. परत आलो. तो डोळा उघडावा तसा पेटला. खट. त्यांनी मला पुन्हा पाठवलं, पुन्हा बोलावलं. अंधारत्या मांडवात आता फक्त माझी पावलं आणि ती पेटी वाजत होती. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "भानामती."

"अशा घरची पोरगी आमी न्यावी कशी?" मुलाचे वडील म्हणाले. हार हातात घेऊन इंदू माझ्याकडे पाहत उभी होती.

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या: मांत्रिक ठरायचं किंवा अडाणी. मी घसा खाकरून सांगितलं की यात जादू नाही, घड्याळ मी चुकीचं बांधलं. मी चिकटून बसून ठोका जुळवला, तेव्हा माझं अंगच सर्किटचा एक भाग होऊन बसलं. मी उठलो की तो भाग निघून जातो.

कुणाचाही विश्वास बसला नाही. "इतका शिकलेला मानूस चुकन काऊन?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. (असा आदर मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही, आणि तेव्हा तो अजिबात नको होता.)

शेवटी सुमन डोक्यावरचा पदर सावरत पुढे आली. मी बांधलेल्या रहाटानं दोर आणि बादली विहिरीत कशी फेकली, ते तिनं सांगितलं. छपराची गळती मी बंद केल्यावर पाणी थेट पलंगावर कसं पडायला लागलं, तेही सांगितलं. मग उंदराचा सापळा.

"उंदीर सापडला का नाई?" मुलाच्या वडिलांना राहवेना.

"उंदरानं भाकर खाल्ली. यांचं बोट अडकलं. हातात मंतर असता तं एक तरी वस्तू चालली असती नं, मामाजी."

आधी नवरदेव हसला, मग वाजंत्रीवाले, मग मुलाच्या वडिलांचा फेटा हलायला लागला. शेवटच्या उजेडात भटजींनी आभाळाकडे बघून अक्षता टाकायला सांगितल्या. इंदू सुखानं नांदली.

व्याह्यांनी मला कायम मानानं वागवलं. फक्त मी त्यांच्या अंगणात शिरलो, की घरातलं कुणीतरी गुपचूप उठून बिघडलेला स्टोव्ह आत नेऊन ठेवायचं.