ऑपरेशनआधी जेवणाची प्रार्थना

मित्रांनो, आज सकाळी साडेदहाला मी धंतोलीच्या एका दवाखान्यात मामाच्या रिपोर्टची वाट बघत बायबल वाचत होतो. शेजारी बसलेल्या काकू यवतमाळकडच्या. त्यांच्या नवऱ्याला आतड्याच्या ऑपरेशनसाठी आत नेत होते.

"बाबू, तू येशूवाला हायेस ना? यायच्यासाठी प्रार्थना कर."

चुकेल या भीतीने मी चर्चमध्येसुद्धा मोठ्याने प्रार्थना करत नाही. स्ट्रेचर थांबलं. मी डोळे मिटले आणि तोंडातून घरची जेवणाआधीची प्रार्थनाच निघाली, "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार..."

चूक लक्षात आली आणि मी लाजून डोळे उघडले.

"थांबला काहून गा? परवापासून यायच्या पोटात घास नाही. अन्नच माग!" काकू म्हणाल्या.

स्ट्रेचरवरचे काका हसले. "वरण-भात माग, बाबू. दवाखान्याची पेज नको."

मग मी तेच मागितलं: प्रभू, काकांना पुन्हा घरी जेवायला बसव. काकूंनी हात जोडले. काका शांतपणे आत गेले.

ऑपरेशन अजून चालू आहे. देवाला अडखळणारा माणूसही चालतो, असं आज मला मनापासून वाटतंय. मामाचा रिपोर्ट मिळाला, पण डॉक्टर बाहेर येईपर्यंत मी काकूंजवळून हलणार नाही.

तुम्हीही आत्ता, जमेल त्या शब्दांत, काकांसाठी प्रार्थना कराल का?