रविवारची साक्ष

आमच्या मंडळीत 'साक्ष' हा शब्द मिठासारखा वापरतात. ताप उतरला, साक्ष द्या. गाय सुखरूप व्याली, साक्ष द्या. उपासनेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण हा अर्थ आमच्यातला. गावाला साक्ष म्हटलं की कोर्टच आठवायचं.

स्वातंत्र्याच्या चळवळीची ती वर्षं. कडेगावच्या बाजूला एका गावात आमचे हे ख्रिस्ती शाळेत मास्तर होते. मुदतीच्या तापातून उठले आणि दाढी करून घेताना न्हाव्याला म्हणाले, "रविवारी साक्ष द्यायचीय मला." न्हाव्याला सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली.

गावची चावडी नुकतीच कुणीतरी जाळली होती आणि पोलीस साक्षीदार शोधत होते. चावडी आमच्या खिडकीसमोरच. तापात पडल्या पडल्या ह्यांनी जाळणारी माणसं पाहिली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. त्या दिवसांत कुणी खबऱ्या ठरला की त्याच्या तळपायांवर चळवळवाल्यांच्या काठ्या बसत.

शेजारणीकडून ताक यायचं बंद झालं. मी आडावर गेले की बायका घागरी उचलून चालू लागत. मला वाटलं, पुन्हा आमच्या धर्माचा राग आलेला दिसतोय. शेवटी शेजारीणच परसदारी आली.

"मास्तरीणबाई, मालकास्नी सांगा, साक्ष देऊ नगा. लय वंगाळ हुईल."

मी आत जाऊन सांगितलं, तर हे अंथरुणातूनच गरजले, "देणार म्हणजे देणार. जीव गेला तरी." शेजारणीनं ते ऐकलं आणि डोक्यावरचा पदर सावरत निघून गेली. धर्मापायीच ह्यांना मारतील म्हणून मी इतकी भ्याले की त्या रात्री प्रार्थना केली, प्रभू, ह्यांचा विश्वास थोडा कमी कर.

उपासना शाळेच्याच खोलीत व्हायची, फळा भिंतीकडे फिरवून. त्या रविवारी घोंगड्या पांघरलेले तिघेजण आत आले आणि मागं बसले. हे काठी टेकून उभे राहिले.

"रोज दुसऱ्यांना धीर देणारा मी," ते म्हणाले, "अंथरुणात पोरासारखा भ्यालो. तरी प्रभूनं हात सोडला नाही."

एवढं बोलून ते बसले.

"झाली साक्ष?" मागून एकानं विचारलं.

"झाली."

"आन् चावडीचं?"

तेव्हा कुठं आम्हा दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. मी जमिनीकडे बघत राहिले. एकदाच खोटं बोला हो, असं मनात म्हणत होते. आज कुणी मला सात्त्विक म्हटलं की तो क्षण आठवतो.

"पाहिलंय मी," हे म्हणाले. "तुम्हीही होतात त्यात."



"मग फौजदाराला सांगणार?"

"पाहिलं नाही असं म्हणणार नाही. नाव मात्र कुणाचं घेणार नाही."

"मारतील, मास्तर."

"त्याचंच भ्या वाटतंय."

"आमालाबी वाटतं," तो माणूस म्हणाला, आणि तिघेही उठून गेले.

त्या संध्याकाळी शेजारणीनं ताक पाठवलं. मी ह्यांचे पाय कढत पाण्यानं धुतले. दोन्ही तळपाय धड होते. ह्यांनी एक काठी टाळली होती आणि दुसरी ओढवून घेतली होती.

थोड्याच दिवसांत फौजदारानं बोलावून नेलं. ह्यांनी आपला शब्द पाळला, दोन्ही बाजूंनी. दिवेलागणीला घोंगडीवाल्यांपैकीच एकजण त्यांना पाठुंगळी घेऊन आला. ओट्यावर उतरवताना म्हणाला, "वैनी, पानी तापवा." मी पाणी तापवलं, पण हे पायांना हात लावू देईनात.

पुढच्या रविवारी ह्यांनी साक्ष बसूनच दिली.